भय सोडा, खातं सांभाळा



सेवाग्राम आश्रमाच्या प्रार्थनेतल्या अकरा व्रतांपैकी दोन आजच्या विषयाला थेट भिडतात. एक भयवर्जन, दुसरं अस्तेय म्हणजे चोरी न करणं. मोबाइलवरच्या लुटीपासून वाचायला पहिलं हवं. त्या लुटीत आपला हात असू नये म्हणून दुसरं.

आधी भयाचं बोलू. व्हिडिओ कॉलवर खाकी वर्दीतला माणूस सांगतो, ‘तुमच्या आधारवर अमली पदार्थांचं पार्सल आलंय. तुम्ही डिजिटल अरेस्टमध्ये आहात. कॅमेऱ्यासमोरून हलू नका, घरात कुणाला सांगू नका.’ यात जन्माची पुंजी गमावणारे लोक शिकलेले असतात, कायद्याचा धाक मानणारे असतात. म्हणून कायदा काय म्हणतो तेच ऐका. डिजिटल अरेस्ट नावाची अटक आपल्या कोणत्याही कायद्यात नाही. खरी अटक झाली तर प्रवासाचा वेळ सोडून 24 तासांत न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे न्यावं लागतं आणि घरच्यांना कळवावं लागतं. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 179 प्रमाणे साक्षीदार म्हणून विचारपूस करायची असेल, तर स्त्रीला किंवा साठी ओलांडलेल्या पुरुषाला ठाण्यात यायला भाग पाडता येत नाही; पोलिसांनी घरी यायचं असतं.

गुन्हेगार असतो तो फोन करणारा. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत तोतया सरकारी अधिकारी बनणाऱ्याला कलम 204 खाली सहा महिने ते तीन वर्षं कैद आहे. धमकावून पैसे उकळल्यास कलम 308 खाली आणि फसवून पैसे घेतल्यास 318(4) खाली सात वर्षांपर्यंत. माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम 66ड आणखी तीन वर्षं आणि एक लाखापर्यंत दंड सांगतं. टोळीनं केलेला सायबर गुन्हा संघटित गुन्हेगारी ठरला, तर कलम 111 खाली किमान पाच वर्षं, जास्तीत जास्त जन्मठेप.

पण शिक्षा होईपर्यंत वर्षं जातात. पैसा काही मिनिटांत या खात्यातून त्या खात्यात जातो आणि शेवटी एटीएममधून निघतो. म्हणून पहिला तास मोलाचा. लगेच 1930 या सायबर हेल्पलाइनला फोन लावा किंवा सायबर गुन्ह्यांच्या राष्ट्रीय पोर्टलवर तक्रार नोंदवा. पैसा वाटेत कुठल्या खात्यात असेल, तर तिथे तो गोठवता येतो. बँकेलाही त्याच वेळी कळवा. रिझर्व्ह बँकेनं जुलै 2017 मध्ये आणलेल्या नियमानुसार चूक ना तुमची ना बँकेची, अशा व्यवहारात तीन कामकाजी दिवसांत कळवलं तर तुमच्यावर तोशीस नाही. ओटीपी तुम्ही स्वतः दिला असेल, तर कळवेपर्यंतचं नुकसान तुमचं, कळवल्यानंतरचं बँकेचं. म्हणजे ‘लोक काय म्हणतील’ या विचारात घालवलेल्या प्रत्येक तासाची किंमत आहे. फसलेल्या माणसाला घरात बोल लावू नका. बोल लावणाऱ्या घरात पुढची तक्रार कधी होत नाही.

आता अस्तेय. चोरलेल्या पैशाला उतरायला कुणाचं तरी खातं लागतं. कॉलेजातल्या पोराला कुणी सांगतं, ‘तुझं पासबुक, एटीएम कार्ड, सिम दे, महिन्याला काही हजार घे.’ पोराला वाटतं, मी कुठे कुणाला फसवलं? न्याय संहितेच्या कलम 317 मध्ये चोरीच्या मालाच्या व्याख्येत आता फसवणुकीनं मिळवलेला मालही धरला आहे. तो जाणूनबुजून ठेवून घेणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. पुण्याच्या कॉसमॉस बँकेवर ऑगस्ट 2018 मध्ये सायबर दरोडा पडला, सुमारे 94 कोटी गेले. 2023 मध्ये न्यायालयानं 11 जणांना दोषी ठरवलं. त्यांनी बनावट कार्डांनी एटीएममधून पैसे काढले होते. साखळीतला हाती लागणारा माणूस आधी आत जातो, हे आपल्या मुलांना सांगा.

आता आपलं खातं सांभाळण्याचं. कापसाचे चुकारे खात्यावर जमा होतात, लाडकी बहीण योजनेचे 1500 रुपयेही तिथेच येतात. आपल्या वर्धा जिल्ह्यातल्या हिंगणघाट, आर्वी, देवळीच्या शेतकऱ्याचं खातं म्हणजे त्याच्या घराचा वर्षभराचा आधार. म्हणून काही नियम पाळाच. व्हॉट्सॲपवर पीएम किसान, आरटीओ चलान किंवा लग्नपत्रिकेच्या नावानं एपीके फाइल आली तर उघडू नका. ती फोनमधले ओटीपी वाचू शकते. पैसे मिळवायला यूपीआय पिन कधीच टाकावा लागत नाही. केवायसीसाठी आलेली लिंक दाबू नका, बँकेत किंवा सेतू केंद्रात जाऊन विचारा. कर्ज किंवा नोकरी देतो म्हणून आधी पैसे मागणाऱ्याला नकार द्या.

माझी विनंती बचत गटांच्या ताईंना, ग्रामपंचायतींना आणि शिक्षकांना आहे. पुढच्या बैठकीत हा विषय घ्या, 1930 हा आकडा भिंतीवर लिहा आणि ज्यांची फसवणूक झाली त्यांना उभं राहून बोलू द्या. एकानं सांगितलेली हकिगत दहा घरं वाचवते. कायदा आपल्या बाजूनं आहे. त्याला वेळेत हाक मारणं आपल्या हातात आहे.