पदवीनंतर पुढे कशाला?
(मंडळाच्या वर्धापनदिनी झालेल्या भाषणाचा मजकूर)



वर्धापनदिनी बोलण्यास मंडळाने मला उभे केले, हा मी माझा मोठा मान समजते. ज्यांच्या डोळ्यांदेखत मी लहानाची मोठी झाले, त्यांच्यापुढे भाषण करणे सोपे नाही. परंतु गेले दोन महिने आपल्यापैकी पुष्कळजणी मला एकच प्रश्न विचारीत आहेत. "इंजिनियर झालीस, पुण्याला नोकरी लागत होती, मग आणखी दोन वर्षे शिकायला कशाला चाललीस?" प्रश्न मायेचा आहे. एकेकीला वाटेत उत्तर देण्यापेक्षा सर्वांना एकदम द्यावे, म्हणून मी बोलते.

असा प्रश्न आपल्याकडे नवा नाही. १८८३ साली आनंदीबाई जोशी वैद्यक शिकण्यासाठी अमेरिकेस निघाल्या, तेव्हा त्यांनाही लोकांनी असेच विचारले. अमेरिकाच का, एकटी का, जातीबाहेर टाकले तर काय? बंगालमध्ये श्रीरामपूर येथे जाहीर सभेत उभे राहून त्या कोवळ्या वयाच्या मुलीने एकेक शंका घेतली व तिचे उत्तर दिले. १८८६ साली त्या डॉक्टर झाल्या. माझी त्यांच्याशी बरोबरी नाही. त्यांची रीत तेवढी उसनी घेते.

पहिला प्रश्न : हा विषय बायकांचा आहे काय? मला वाटते, आरंभापासून आहे. इंग्लंडात एडा लव्हलेस या बाईंनी १८४३ साली, तसे यंत्र पुरे तयारही झाले नसताना, त्याने गणित कसे सोडवावे हे पायरीपायरीने लिहून ठेवले. अमेरिकेतील ग्रेस हॉपर यांनी १९३४ साली गणितात पीएच.डी. मिळविली आणि १९५२ साली यंत्राच्या आज्ञा यंत्राकडूनच जुळवून घेण्याची युक्ती काढली. त्यांचे पुढचे शिक्षण वाया गेले असे कोण म्हणेल?

दुसरा प्रश्न : पदवी असताना आणखी काय शिकायचे? याचे उत्तर माझ्या आजीपाशी आहे. हल्ली मोबाइलमध्ये बोलले की अक्षरे उमटतात. आजीने विचारले, "पाऊस कवा येऊलालाय?" यंत्राने भलतेच काही लिहिले. मी तेच पुस्तकी मराठीत विचारले, तर बरोबर उमटले. आजी म्हणाली, "त्याला माझं बोलणं कळंना, जाऊ दे." तिने ते सहज सोडून दिले. मला ते सोडवेना.

यंत्राला भाषा कळत नाही, भगिनींनो. ते आवाजाचे बारीक तुकडे करते, आणि पूर्वी ऐकलेल्या हजारो तासांच्या बोलण्याशी ताडून अदमास बांधते. जे पुष्कळ ऐकले ते त्याला बरोबर येते. जे कधी ऐकलेच नाही, त्याच्या जागी जवळचे दुसरे काहीतरी बसविते. २०११ च्या जनगणनेत मराठी बोलणारे आठ कोटींहून अधिक होते. परंतु देगलूरची मराठी, जिच्यात तेलुगु, कानडी व उर्दू शब्द पाहुण्यासारखे न राहता घरच्यासारखे राहतात, ती यंत्राच्या कानी किती पडली असेल? थोडक्या बोलण्यावरून यंत्राला अशी बोली कशी शिकवावी, हा खरा अवघड प्रश्न आहे. पदवीला आम्हांला यंत्र चालवायला शिकविले. ते असे का चुकते याचा शोध घ्यायला पुढचे शिक्षण लागते.

आपल्या भागाला हे दुखणे ठाऊक आहे. १७ सप्टेंबर १९४८ पूर्वी, निजामी अमलात, मोठे शिक्षण हवे तर हैदराबादेस जायचे आणि उस्मानिया विद्यापीठात उर्दूतून शिकायचे. पुढे १९५८ साली औरंगाबादेस मराठवाडा विद्यापीठ झाले, १९८१ साली नांदेडला अभियांत्रिकी महाविद्यालय निघाले, १९९४ साली नांदेडचे विद्यापीठ आले. शाळा अशी पायरीपायरीने आपल्या दारी आली. आता दाखला, पीकविमा, बँक सारे मोबाइलवर चालले आहे. तेथे बोलण्यासाठी आजीने पुन्हा आपली जीभ बदलावी काय? यंत्रानेच तिची भाषा शिकावी, असे मला वाटते.

तिसरा प्रश्न पैशाचा व लग्नाचा. गेटची परीक्षा मी उत्तीर्ण झाले आहे, त्यावर एम.टेक.ला दरमहा विद्यावेतन मिळते. तरी नोकरीचा पगार दोन वर्षे घरी येणार नाही, आणि माझ्यामागे धाकटी बहीण आहे. वडिलांचे छोटेसे किराणा दुकान आहे. त्यांनी एक रात्र विचार केला आणि सकाळी एवढेच म्हणाले, "दोन वर्षे दुकान चालेल." या वाक्याचे ओझे मला ठाऊक आहे. लग्नाचे म्हणाल, तर जे स्थळ दोन वर्षे थांबणार नाही, ते पुढे काय सांभाळून घेणार?

आणि एक गोष्ट आपल्याला माहीत असली तरी सांगते. माझा पहिला संगणक आईने या मंडळाच्या भिशीतून घेतला. त्या महिन्याची पाळी दुसऱ्या एका काकूंची होती. त्यांनी ती आईला दिली. तेव्हा माझ्या शिक्षणाचा हिशोब विचारण्याचा आपल्याला हक्कच आहे.

शेवटी एक मागणे. केंद्र सरकारने २०२२ साली 'भाषिणी' नावाचे काम सुरू केले. त्यात लोकांनी आपला आवाज द्यावा म्हणून 'भाषादान' हा उपक्रम काढला. हेमा राईरकर व गी पॉइतवँ यांनी तर त्याच्या कितीतरी आधी खेडोपाडी फिरून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. बायकांचे बोलणे जपण्याजोगे आहे, हे त्यांनी ओळखले. सुटीत मी येईन तेव्हा तुम्ही प्रत्येकीने मला अर्धा तास द्यावा. भाजी निवडताना बोलता तसेच बोला. सजवून बोलू नका. तुमच्या परवानगीने, नाव न घालता, मी ते टिपून घेईन.

पुढच्या शिक्षणाला मी जाते आहे. पण अभ्यासाचे पुस्तक तुमच्यापाशी आहे.