बागानच्या आकाशातून
(विहाराच्या वर्धापन दिनी झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



समितीने आम्हाला सांगितले, "गुरुजी, तुम्ही ब्रह्मदेशात फुग्यात बसून आलात. ते एकदा सगळ्यांना सांगा." वस्तीत ही गोष्ट आधीच पसरलेली आहे. पोरे आम्हाला रस्त्यात अडवून विचारतात, "गुरुजी, फुगा फुटला असता तर?" म्हणून आज सगळे सांगतो. पण फुग्याची गंमत सांगून थांबणार नाही. त्या फुग्यातून आम्ही एक प्रश्न घेऊन खाली उतरलो. तो प्रश्न या विहाराचाही आहे.

जानेवारी २०१९ मध्ये आपल्या वस्तीतले आम्ही अकराजण म्यानमारला, म्हणजे ज्याला आपण ब्रह्मदेश म्हणतो त्या देशाला गेलो होतो. ब्रह्मदेश आपल्याला परका नाही. डिसेंबर १९५४ मध्ये बाबासाहेब रंगूनच्या जागतिक बौद्ध परिषदेला गेले होते. त्याच महिन्यात, २५ डिसेंबरला, त्यांनी देहूरोडच्या विहारात बुद्धमूर्तीची स्थापना केली. ती मूर्ती रंगूनहूनच आणलेली. गोराईचा पॅगोडा आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिला आहे. तोही रंगूनच्या, म्हणजे आताच्या यांगूनच्या, श्वेडगॉन पॅगोड्याच्या धर्तीवर बांधलेला आहे. तेव्हा आपण पाहुणे म्हणून नव्हे, तर नातेवाईक म्हणून चाललो आहोत, असेच आम्हाला वाटत होते.

यांगूनहून रात्रीच्या बसने आम्ही बागानला पोहोचलो. इरावती नदीच्या काठचा हा कोरडा, सपाट प्रदेश आहे. अकराव्या ते तेराव्या शतकात इथे मोठे राज्य होते. राजा अनव्रथ इ.स. १०४४ मध्ये गादीवर आला, आणि शिन अरहन नावाच्या भिक्खूंच्या प्रभावाने त्याने थेरवादाला आश्रय दिला. मग राजांनी, राण्यांनी, मंत्र्यांनी, व्यापाऱ्यांनी बांधायला सुरुवात केली ती जवळजवळ अडीचशे वर्षे थांबली नाही. राज्य मोडले, मंगोलांच्या स्वाऱ्या झाल्या, भूकंप झाले. तरी आजही त्या माळावर दोन हजारांहून अधिक स्तूप आणि मंदिरे उभी आहेत. आम्ही जाऊन आलो त्याच वर्षी, जुलै २०१९ मध्ये, बागानला जागतिक वारसा यादीत स्थान मिळाले.

आता फुग्याकडे येतो. पूर्वी लोक सूर्योदय पाहायला मंदिरांच्या गच्चीवर चढत. ऑगस्ट २०१६ च्या भूकंपात सुमारे चारशे वास्तूंचे नुकसान झाले, सुलामणी मंदिराचा तर माथाच कोसळला. त्यानंतर चढण्यावर बंधने आली. मग वरून पाहायचे तर फुगा. पण एका माणसाचे भाडे तीनशे डॉलरच्या वर! आपल्या रुपयांत वीस हजारांहून अधिक. अकराजणांना ते परवडणार कसे? शेवटी सगळ्यांनी वर्गणी काढली आणि दोघांना पाठवायचे ठरले. एक आम्ही, कारण परत आल्यावर सांगायचे काम आमच्याकडे. दुसऱ्या आपल्या मावशी. त्या नको नको म्हणत होत्या. पण सगळ्यांचे एकमत झाले, की वयाने त्याच मोठ्या, त्यांनी वरून पाहिले म्हणजे आपण सर्वांनी पाहिले.

मावशींचे नाव आम्ही घेत नाही, त्यांना ते आवडणार नाही. त्या समोरच बसल्या आहेत. एवढेच सांगतो, की लहानपणी त्या आईबापांबरोबर वीटभट्टीवर होत्या आणि पुढे जन्मभर बिगारी कामावर. विटेची त्यांना जेवढी ओळख, तेवढी आम्हाला पुस्तकाचीही नसेल.

पहाटे पाचला गाडी न्यायला आली. थंडी चांगलीच होती. मैदानात भलेमोठे कापड आडवे पसरलेले. मोठ्या पंख्याने आधी त्यात साधी हवा भरली. मग गॅसच्या शेगडीची ज्योत भसकन आत सोडली. आतली हवा तापली, हलकी झाली, आणि आडवा पडलेला तो फुगा हळूहळू उठून उभा राहिला. खाली वेताची मोठी टोपली. टोपलीला पाय ठेवायला खाचा असतात. मावशींनी पदर खोचला आणि आमच्या आधी आत! आम्हाला मात्र दोघांनी हात दिला, हेही कबूल करतो.

पोरांनो, लक्षात ठेवा. फुग्याला सुकाणू नसते. वारा नेईल तिकडे तो जातो. चालक फक्त वर-खाली करू शकतो. वेगवेगळ्या उंचीवर वारा वेगवेगळ्या दिशेचा असतो, म्हणून हवा तो वारा सापडेपर्यंत उंची बदलायची, एवढेच त्याच्या हातात. आणि पहाटेच का? तर ऊन चढले की जमीन तापते, हवा खालीवर उसळू लागते, मग फुगा सांभाळता येत नाही. पहाटे हवा शांत असते. म्हणूनच हे उड्डाण कोरड्या, थंड दिवसांतच, साधारण ऑक्टोबर ते मार्चपर्यंत होते.

जमीन सुटली ते कळलेसुद्धा नाही. धक्का नाही, आवाज नाही. मधूनच ज्योतीचा फूत्कार, की पुन्हा सगळे शांत. खाली धुके होते आणि धुक्यातून कळस वर आलेले. एक, दहा, पन्नास, मग मोजणेच सोडले. पूर्वेकडून सूर्य वर आला आणि सगळ्या विटा एकदम तांबूस झाल्या. एकीकडे आनंद मंदिराचा सोनेरी कळस, दुसरीकडे धम्मयान्जी मंदिराचा प्रचंड ढीग, पलीकडे इरावतीचे रुंद पात्र. एका ठिकाणी आम्ही चमकलो. सरळ उभ्या कडांचे उंच शिखर. अरे, हे तर आपले बुद्धगया! बागानमध्ये महाबोधी मंदिराची प्रतिकृती आहे, तेराव्या शतकाच्या पूर्वार्धातली. आपल्या देशात धम्माचा दिवा मंद होत चालला होता, तेव्हा या लोकांनी बुद्धगयेला माणसे पाठवून मूळ मंदिराची दुरुस्ती करवली आणि आपल्या घरीही तसेच मंदिर उभारले. आमचे डोळे भरून आले. हात आपोआप जोडले गेले.

टोपलीतले परदेशी पाहुणे फोटो काढण्यात गुंग होते. आम्हीही होतो. तेवढ्यात मावशी हळूच म्हणाल्या,

"गुरुजी, एवढ्या इटा कुणी वाह्यल्या असतील हो?"

बंधू-भगिनींनो, आम्ही राजांची नावे पाठ करून गेलो होतो. अनव्रथ, क्यान्सित्था, नरथू. सनावळी वहीत लिहून नेली होती. पण या प्रश्नाचे उत्तर आमच्या वहीत नव्हते. आम्ही म्हटले, "खाली उतरल्यावर विचारू."

पाऊण तासाने फुगा एका मोकळ्या रानात उतरला. उतरताना गुडघे वाकवून, दोर धरून बसावे लागते. रानात एक बाई काम करीत होती, गालाला थनखाचे पिवळसर गंध लावलेले. मावशींनी तिला हात जोडले. भाषा येत नाही, मग बोलायचे काय? मावशी म्हणाल्या, "साधु, साधु, साधु." ती हसली आणि म्हणाली, "थाडु, थाडु, थाडु." तोच शब्द, त्यांचा उच्चार वेगळा! तिकडे उड्डाण संपल्यावर प्रवाशांना फेसाळ दारूचे पेले देण्याची रीत आहे. आम्ही पंचशील सांगितले आणि पाणी मागून घेतले.

दुपारी आमच्या वाटाड्याने धम्मयान्जी मंदिर दाखवले. विटांचे सांधे इतके घट्ट, की नख जात नाही. तिथे एक दंतकथा सांगतात. राजा नरथू सांध्यात सुई खुपसून पाहायचा आणि सुई आत गेली तर गवंड्याला शिक्षा व्हायची. कथा खरी की खोटी, कोण जाणे. पण मावशींनी भिंतीवरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "मुकादम सगळीकडं सारखाच." आम्ही हसलो, पण आतून हललो.

बागानच्या काही विटांवर त्या ज्या गावाहून आल्या त्या गावाचे नाव उमटवलेले सापडते. विटेवर गावाचे नाव आहे, वाहणाऱ्याचे नाही. काही शिलालेखांत गवंडी, सुतार, चित्रकार यांना काय मजुरी दिली याचा हिशेब आहे, हेही सांगायला हवे. तिथे सगळेच फुकट राबले असे नाही.

मग आम्ही म्याझेदीचा शिलालेख पाहिला. हा दगड जगप्रसिद्ध आहे. सुमारे इ.स. १११३ चा. चार बाजूंना एकच मजकूर चार भाषांत कोरलेला : पाली, प्यू, मोन आणि बर्मी. विसरल्या गेलेल्या प्यू भाषेची उकल याच दगडामुळे झाली. वाटाड्याने मजकूर समजावून सांगितला. क्यान्सित्था राजाचा मुलगा राजकुमार. वडील मरणपंथाला लागले, तेव्हा त्याने सोन्याची बुद्धमूर्ती घडवली आणि राजाने आपल्याला दिलेली दासांची तीन गावे त्या मूर्तीला अर्पण केली.

मावशींनी विचारले, "दासांची, म्हंजे माणसं? माणसं दान केली? बुद्धाला?"

होय, माणसे. बागानच्या पुष्कळ शिलालेखांत जमीन, गुरे, भात यांच्या जोडीला माणसेही अर्पण केल्याची नोंद आहे. त्यांत आपल्या भारतातून गेलेली माणसेही होती. त्यांनी पिढ्यान् पिढ्या मंदिराची झाडलोट करायची, दिवे लावायचे, शेती कसायची. आणि पुढे काय झाले? मंदिराच्या या दासांच्या वंशजांना समाजाने हीन ठरवले. त्यांच्याशी कुणी सोयरीक करीना. एकोणिसाव्या शतकातही हा कलंक पुसला गेला नव्हता. अशी वागणूक आपल्या आजा-पणजांनी भोगली आहे. ती बुद्धाच्या नावाने उभ्या राहिलेल्या मंदिराच्या सावलीत वाढली, हे ऐकून आम्हा अकराजणांच्या तोंडून शब्द निघेना.

इथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. हा दोष धम्माचा नव्हे. भगवंतांनी उपासकाला जे पाच व्यापार वर्ज्य सांगितले, त्यांत प्राण्यांचा, म्हणजे माणसांचाही, व्यापार आहे. दास-दासींचा स्वीकार करण्यापासून तथागत दूर राहिले, असे दीघनिकायात ब्रह्मजाल सुत्तात आले आहे. शिकवण स्वच्छ होती. पण राजाला पुण्य हवे होते आणि पुण्याची मोजणी दानाच्या आकड्याने होऊ लागली. तिथेच घसरण झाली. म्हणून ब्रह्मदेशाला नावे ठेवायची आमची इच्छा नाही. त्या देशाने धम्म जपला म्हणून तो आपल्यापर्यंत आला. त्या लोकांचे दिवस आज कठीण आहेत. फेब्रुवारी २०२१ मध्ये तिथे लष्कराने सत्ता घेतली आणि मार्च २०२५ च्या भूकंपात मंडाले-सगाईंगकडे हजारो माणसे गेली. त्यांच्यासाठी आपली मैत्री भावना असलीच पाहिजे.

आपल्याकडचे दुसरे उदाहरणही पाहा. कार्ल्याच्या लेण्यात धेनुकाकटच्या सामी नावाच्या सुताराचे नाव कोरलेले आहे, कारण त्याने तिथले दार घडवून दान दिले. सांचीच्या दक्षिण तोरणावर विदिशेच्या हस्तिदंत कारागिरांनी आपण कोरीवकाम केल्याची नोंद ठेवली आहे. म्हणजे हाताने काम करणाऱ्याचे नाव बुद्धाच्या दारात दोन हजार वर्षे टिकू शकते. पण ते कुणीतरी लिहावे लागते.

आता आमच्या प्रश्नाकडे. हा आपला विहार १९८५ साली उभा राहिला. तेव्हा ठेकेदाराला द्यायला पैसे नव्हते. कामाची सुट्टी म्हणजे रविवार, आणि रविवारी अख्खी वस्ती घमेली घेऊन हजर. बायकांनी रांग लावून विटा वाहिल्या. कुणी रात्रपाळी करून आले, तसेच झोप न घेता पाणी मारायला उभे राहिले. इथे कुणालाही कुणी दान दिले नाही. सगळे आपणहून आले. बागानच्या राजालाही जे जमले नाही, ते या वस्तीने केले.

यंदा जीर्णोद्धार होतो आहे आणि समितीने संगमरवरी फलक लावायचे ठरवले आहे. त्यावर अकरा हजारांच्या वर देणगी देणाऱ्यांची नावे येणार. चांगली गोष्ट आहे, देणगीदारांचा मान राखलाच पाहिजे. पण ज्यांनी विटा वाहिल्या त्यांची नावे कुठे? आज वरून कुणी आपला विहार पाहिला, तर त्याला कळस दिसेल. घमेले दिसणार नाही. बागानला आम्हाला अगदी हेच झाले होते. फुग्यातून सगळे सुंदर दिसले, खाली उतरून दगड वाचला तेव्हा माणसे दिसली.

म्हणून समितीला आमची जाहीर विनंती आहे. फलकाचे दोन भाग करा. एकावर देणगी, दुसऱ्यावर श्रमदान. आणि दुसरा भाग आधी भरा, कारण देणगीच्या पावत्या आहेत, श्रमाच्या पावत्या नाहीत. त्या आठवणीत आहेत आणि आठवणारी माणसे दरवर्षी कमी होत चालली आहेत. प्रत्येक घराने आजच रात्री बसून १९८५ साली आपल्या घरातून कोण कोण कामाला आले होते ते कागदावर लिहावे. गेलेल्यांचीही नावे लिहावीत. येत्या पौर्णिमेच्या आत तो कागद महिला मंडळाकडे द्यावा.

मावशी खाली मान घालून बसल्या आहेत. मावशी, फुग्यात तुम्ही विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर बागानला मिळाले नाही. निदान इथे तरी ते मिळावे, एवढीच इच्छा.

भवतु सब्ब मंगलं. जयभीम! नमो बुद्धाय!