ब्रेक पॅड बदलण्याआधी

टायरवरच्या भागानंतर बेळगाव, इंदूर, बडोदा, नागपूर अशा ठिकाणांहून जवळजवळ एकच प्रश्न आला. सेकंडहँड स्पोर्ट्स कार घेतली आहे, ब्रेक जबरदस्त करायचेत, तर बाहेरचे कुठले पॅड टाकू? म्हणजे गाडीच्या कंपनीच्या डब्यातले नव्हे, बाजारात मिळणारे, आफ्टरमार्केट.

नाव मी सांगणार नाही. कारण नुसता ‘चांगला पॅड’ अशी काही वस्तू नसते. अमुक उष्णतेत चांगला, असा पॅड असतो. त्यामुळे तुमचा पाय ब्रेकवर पडतो तेव्हा पॅड किती तापलेला असतो, हे आधी सांगा. मग दुकानात जाऊ.

हिशेब सोपा आहे. स्पोर्ट्स कार दिसायला चिमुकली, पण माणसं धरून वजन दीड टनाच्या घरात. ताशी १०० किलोमीटरवरून ती एकदा पूर्ण थांबवली, की सुमारे ५८० किलोज्यूल ऊर्जा उष्णता होऊन बाहेर पडते. तेवढ्यात दोन लिटर पाणी ३० अंशांवरून उकळीला येईल. एका ब्रेकमध्ये! आणि तीच गाडी ५० वरून थांबवली तर अर्धा लिटर, कारण वेग निम्मा केला की ऊर्जा चौथाई होते. आता मला सांगा, तुम्ही रोज दोन लिटरवाले की अर्धा लिटरवाले? चेन्नईत ओएमआरवर संध्याकाळी सहा वाजता ५० चा वेगसुद्धा चैन आहे.

मी आर्मी सर्व्हिस कोअरचा माणूस, म्हणजे रसद आणि ट्रकवाला. १९८० च्या दशकात इथल्याच सेंट थॉमस माउंटच्या ट्रेनिंग स्कूलमधून बाहेर पडलो आणि बदल्या मिळाल्या त्या थेट डोंगरात. झोजिला साडेअकरा हजार फुटांवर. तिथून बालटालकडे उतरताना शक्तिमान ट्रकच्या चालकांना एकच नियम होता: ज्या गिअरमध्ये चढलात त्याच गिअरमध्ये उतरा. जो ब्रेकवर पाय ठेवून उतरायचा त्याच्या गाडीचा वास मागच्या तीन गाड्यांना यायचा. लायनर जास्त तापले की त्यांची पकड सुटते. पाय तितक्याच जोराने दाबलेला असतो, गाडी मात्र थांबत नाही. खंबाटकी घाटात उतारावर ट्रकच्या मागे राहिलात तर तो वास तुम्हालाही ओळखीचा असेल.

ही भीती खरी आहे, म्हणूनच शर्यतीचे पॅड निघाले. चेन्नईजवळ इरुंगाट्टुकोट्टईला मद्रास मोटर स्पोर्ट्स क्लबचा ट्रॅक आहे, १९९० पासूनचा, एक फेरी ३.७ किलोमीटरची. त्याआधी शर्यती शोलावरमच्या जुन्या विमान धावपट्टीवर व्हायच्या. ट्रॅकवर डिस्क थंड व्हायला वेळच मिळत नाही, एक वळण संपलं की पुढचं तयार. तिथल्या पॅडचा मसाला कित्येक शे अंशांवर पकड टिकवण्यासाठी बनवलेला असतो. पण तोच पॅड सकाळी घरातून निघून अड्यारच्या पहिल्या सिग्नलला येतो तेव्हा थंडगार असतो, आणि थंडपणी त्यातले बरेचसे पॅड नीट धरत नाहीत. शिवाय किंचाळतात आणि डिस्क खातात. समोर स्कूटरवर शाळेचं पोर उभं असेल तर तुमचा पॅड ६०० अंशांना किती छान चालतो याचा त्याला काय उपयोग?

आता ओळखायचं कसं? बऱ्याच पॅडच्या कडेवर किंवा पाठीवर दोन इंग्रजी अक्षरं छापलेली असतात: ईई, एफएफ, जीजी, कधी एफई. पहिलं अक्षर मध्यम उष्णतेतलं घर्षण, दुसरं जास्त उष्णतेतलं. ई म्हणजे ०.२५ ते ०.३५, एफ म्हणजे ०.३५ ते ०.४५, जी त्याच्या वर ०.५५ पर्यंत. एफई दिसलं तर तापल्यावर पकड उतरते, असं समजा. पण लक्षात ठेवा, अगदी थंड असताना पॅड कसा वागतो, डिस्क किती झिजवतो, हे ती अक्षरं सांगत नाहीत. त्यामुळे ‘साहेब, जीजी आहे, बेस्ट’ एवढ्यावर पैसे काढू नका. युरोपीय गाडी असेल तर पॅडवर ‘९०आर’ असलेला मान्यतेचा शिक्का शोधा. मूळ पॅडच्या आसपासच याची कामगिरी आहे, हे त्यात तपासलेलं असतं. रस्त्यावरच्या गाडीला मी हाच शिक्का आधी बघतो.

आणि ‘बाहेरचा’ म्हणजे दुय्यम, असंही नाही. बहुतेक मोटार कंपन्या पॅड स्वतः बनवत नाहीत, विकत घेतात. आमच्या चेन्नईत पाडीला ब्रेक्स इंडिया १९६२ पासून ब्रेक बनवतं, सुंदरम ब्रेक लायनिंग्जही तिथलंच. १८८८ मध्ये बेर्था बेंझ नवऱ्याची मोटार घेऊन मानहाइमहून फोर्झहाइमला निघाली, वाटेत लाकडी ब्रेक झिजले, तेव्हा तिने एका चांभाराकडून त्यावर चामडं ठोकून घेतलं. जगातला पहिला आफ्टरमार्केट ब्रेक तोच म्हणायचा. जुने भाग हवे असतील तर पुदुपेटला आरसा घ्या, दरवाजाचं हँडल घ्या. वापरलेले पॅड मात्र घेऊ नका. त्यांनी काय काय भोगलंय ते कोणालाच सांगता येत नाही.

आता माझ्या भाच्याची गोष्ट. तो इथे आयटीत आहे, तिरुवान्मियुरला समुद्राच्या वाऱ्यावर राहतो. दोन आसनांची, नऊ वर्षं जुनी जर्मन गाडी घेतली त्याने. ‘मामा, ब्रेक मारला की गाडी डावीकडे ओढते आणि थांबायला वेळ लागतो. मी ट्रॅकचे पॅड मागवलेत, शनिवारी बसवू या.’ मी म्हटलं, डबा उघडू नकोस, आधी चाकं उघडू.

डावीकडचे दोन्ही पॅड ठीक होते. उजवीकडे बाहेरचा पॅड सात मिलिमीटर, आणि आतला? जेमतेम दोन. तरंगत्या कॅलिपरमध्ये पिस्टन एकाच बाजूला असतो. तो आतला पॅड दाबतो आणि कॅलिपर गाइड पिनवर सरकून बाहेरचा पॅड ओढून आणतो. ती पिन गंजून अडकली की सगळं काम आतला पॅड एकटा करतो. गाडी ओढत होती ती म्हणूनच. डॅशबोर्डवर दिवा का नाही लागला? कारण या गाडीत पुढच्या चाकांसाठी झीज सांगणारा सेन्सर एकच आहे, आणि तो डावीकडे! आधीच्या मालकाच्या वर्कशॉपने पावतीवर ‘ब्रेक तपासले’ असं लिहिलं होतं. चाकाच्या जाळीतून बॅटरी मारली की बाहेरचाच पॅड दिसतो, तेवढा त्यांनी पाहिला असावा.

भर म्हणून ब्रेक ऑइल चहाच्या रंगाचं झालेलं. डॉट-४ ऑइल नवं असताना निदान २३० अंशांना उकळतं, पण ते हवेतलं पाणी शोषतं, आणि पावणेचार टक्के पाणी मुरलं की ती मर्यादा १५५ पर्यंत उतरू शकते. उकळलं की नळीत वाफ होते, वाफ दाबली जाते, आणि पेडल थेट फरशीला. चेन्नईच्या दमट हवेत दोन वर्षांनी ते बदलायलाच हवं. आता या गाडीला ट्रॅकचे पॅड लावले असते तर काय झालं असतं? पिन अडकलेली ती अडकलेलीच, ऑइल तेच, आणि वर थंडपणी न धरणारे पॅड. भाचा थोडा हिरमुसला. पण डबा परत गेला. जनरल पॅटर्स रोडवरून रस्त्याचे, शिक्क्याचे पॅड, पिना, रबरं आणि नवा सेन्सर आणला.

बसवताना काय बघायचं ते सांगतो. गाडी जॅकवर कधीही सोडू नका, खाली स्टँड हवाच, मागच्या चाकांना अडण. कॅलिपर काढला की रबरी नळीवर लोंबकळू देऊ नका, तारेने स्प्रिंगला बांधा. धूळ कॉम्प्रेसरने उडवू नका, ती फुप्फुसात जाते. ब्रेक क्लीनर आणि फडकं वापरा. पिस्टन मागे ढकलताना वरच्या बाटलीकडे कोणीतरी बघत राहा, ऑइल उतू गेलं तर रंग खातं. ज्या गाडीत इलेक्ट्रिक हँडब्रेक मागच्या कॅलिपरमध्येच असतो, तिथे मागचा पिस्टन जोराने दाबू नका. त्याला सर्व्हिस मोड लागतो, आणि तो जमत नसेल तर मागचं काम वर्कशॉपला द्या. डिस्कवर किमान जाडी कोरलेली असते. मायक्रोमीटरने मोजा, त्याखाली असेल तर नवा पॅड टाकणं व्यर्थ. पिनेला तिचंच सिलिकोन ग्रीस, पॅडच्या घासणाऱ्या तोंडाला बोटसुद्धा नको. पॅड नेहमी एका अ‍ॅक्सलच्या दोन्ही चाकांना बदला. बोल्ट मॅन्युअलमधल्या आकड्याला, टॉर्क रेंचने.

आणि इंजिन चालू केल्यावर, गाडी हलवण्याआधी, पेडल घट्ट होईपर्यंत दाबा. मागे ढकललेला पिस्टन पॅडपर्यंत यायला चार-पाच दाब लागतात. हे विसरून गाडी थेट गेटवर घालणारे लोक मी लष्करातही पाहिलेत.

मग पॅड डिस्कवर बसवायचे. आम्ही पहाटे पाचला वंडलूरकडून आउटर रिंग रोडवर गेलो. मागे कोणी नाही हे बघून ६० वरून १५ पर्यंत मध्यम दाबाने आठ-दहा वेळा वेग उतरवला, पूर्ण न थांबता, मध्ये थोडं धावू देत. नंतर दहा मिनिटं ब्रेक जवळजवळ न लावता चालवली. तापलेल्या डिस्कवर पाय दाबून उभं राहिलात तर पॅडचा मसाला एकाच जागी चिकटतो आणि पुढे स्टिअरिंग थरथरतं. लोक म्हणतात डिस्क वाकली. बहुधा वाकलेली नसते, डाग पडलेला असतो.

गाडी आता सरळ थांबते. महिन्याने, पाचशे किलोमीटरनंतर, पुन्हा चाक काढून मोजलं. उजवीकडचा आतला आणि बाहेरचा पॅड सारखाच झिजला होता.