नवजात अर्भकाचा कान आणि दुसरी खेप

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आंधळेपण दिसते, पांगळेपण दिसते. बहिरेपण दिसत नाही. जन्मतः बहिरे असलेले मूल इतर मुलांसारखेच रडते, हसते, पहिले काही महिने हुंकारही देते. घरात ताटली वाजवून पाहतात. मूल वळते, कारण वाजवणाऱ्याचा हात त्याच्या डोळ्याच्या कोपऱ्यात आलेला असतो. आजी म्हणते, याचा बापही उशिराच बोलला होता. मग वेखंड उगाळून चाटवले जाते. असे करता करता दोन-अडीच वर्षे निघून जातात आणि मूल ऐकत नाही हे उमगते, तोवर भाषा रुजण्याचा सर्वांत सुपीक काळ हातचा गेलेला असतो. यात आजीचा दोष नाही. जे डोळ्यांना दिसत नाही ते पाहण्याचे साधन तिच्याजवळ नव्हते. ज्यांच्याजवळ होते त्यांनी ते तिच्या दारापर्यंत पोचवले नाही.

हे साधन आता नवे राहिलेले नाही. निरोगी अंतःकर्ण नुसता ध्वनी ग्रहण करीत नाही, तर अत्यंत क्षीण असा ध्वनी परतही देतो, हे लंडनमध्ये डेव्हिड केम्प यांनी १९७८ साली दाखवून दिले. अर्भकाच्या कानात लहानशी बोंडी बसवून बारीक आवाज सोडायचा आणि परत येणारा ध्वनी टिपायचा, एवढीच ही चाचणी. तिला ओ.ए.ई. म्हणतात. मूल झोपलेले असले की काही मिनिटांत काम होते. सुई नाही, औषध नाही. 'बेरा' नावाची दुसरी चाचणी डोक्याला तारा चिकटवून, ध्वनीचा संदेश श्रवणमज्जेतून मेंदूच्या बुंध्यापर्यंत पोचतो की नाही ते पाहते. तीव्र काविळीने किंवा जन्मताना गुदमरल्याने कधी कधी अंतःकर्ण शाबूत आणि पुढची वाट बंद, असा प्रकार होतो. अशा मुलाला पहिली चाचणी निर्दोष ठरवते. म्हणून अतिदक्षता विभागात राहिलेल्या बालकांना 'बेरा' आवश्यक मानतात.

जोखमीचीच बालके तपासा, खर्च वाचेल, असा सल्ला काटकसरीच्या नावाखाली दिला जातो. तो फसवा आहे. जन्मजात बहिऱ्या मुलांपैकी जवळजवळ निम्म्या मुलांच्या बाबतीत जोखमीचे कोणतेही लक्षण आधी आढळत नाही. तपासायची तर सर्वच बालके तपासली पाहिजेत. पहिल्या महिन्यात चाचणी, तिसऱ्याच्या आत निदान आणि सहाव्याच्या आत उपाययोजना, हा दंडक आज जगभर मान्य आहे. अमेरिकेतील कोलोरॅडो राज्यात क्रिस्टीन योशिनागा-इटानो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, सहा महिन्यांच्या आत बहिरेपण ओळखल्या गेलेल्या मुलांची भाषा उशिरा ओळखल्या गेलेल्यांपेक्षा स्पष्टपणे सरस आढळली. इंग्लंडने २००१ ते २००६ या काळात आपल्या सार्वजनिक आरोग्यसेवेमार्फत ही तपासणी देशभर नेली.

आपल्याकडे कायदा आणि योजना यांची वाण नाही. अपंगांविषयीच्या १९९५ च्या कायद्यात सर्व बालकांची वर्षातून एकदा तरी तपासणी करावी असे कलम होते. मात्र 'आर्थिक कुवतीच्या मर्यादेत' ही पळवाटही त्याच कलमात ठेवलेली होती. २०१६ च्या कायद्यानेही वार्षिक तपासणीचे कर्तव्य कायम ठेवले. बधिरता प्रतिबंध व नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम २००६-०७ च्या सुमारास सुरू झाला. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा प्रारंभ तर २०१३ च्या फेब्रुवारीत महाराष्ट्रातच, पालघरला झाला, आणि जन्मजात बहिरेपण त्याच्या यादीत आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रातील सुमारे ९५ टक्के बाळंतपणे दवाखान्यात होतात. म्हणजे मूल आयतेच शासनाच्या किंवा खाजगी डॉक्टरच्या छपराखाली आलेले असते. मग ते निसटते कुठे?

ते निसटते पहिल्या आणि दुसऱ्या चाचणीच्या मध्ये. येथे थोडे अंकगणित करणे अवश्य आहे. गंभीर जन्मजात बहिरेपणाचे प्रमाण हजारी एक ते दोन धरले, तर देशात दरसाल निदान वीस-पंचवीस हजार अशी बालके जन्मतात. परंतु महिन्याला ३० बाळंतपणे होणाऱ्या ग्रामीण रुग्णालयात हजार जन्म होण्यास पावणेतीन वर्षे लागतात. तेथील परिचारिकेला एवढ्या काळात एखाददुसरे बहिरे मूल भेटणार. उलट, पहिल्या एक-दोन दिवसांत कानात चिकटा असतो, वॉर्डात गलका असतो, मूल रडत असते. त्यामुळे निर्दोष कानही चाचणीत नापास होतात. समजा, हजारात शंभर मुले अशी परत बोलावली. त्यांतील ९८ किंवा ९९ मातांची खेप निष्कारण ठरणार. ही गोष्ट गावोगाव पसरते. 'काही नसतं, उगाच हेलपाटा' हे वाक्य अडाणीपणाचे नव्हे. ते अनुभवावर आधारलेले आहे, आणि ज्या एका मातेने यायलाच हवे होते तिलाही ते घरी बसवते.

आणि हेलपाट्याला किंमत असते. ऊसतोड मजुरांचा विचार करावा. नवराबायको मिळून एक कोयता धरला जातो. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, आणि एक दिवस गैरहजर राहिले की खाडा कापला जातो. बीडकडची बाई हंगामात सांगली-कोल्हापूरच्या बाजूला बाळंत झाली, तर तिच्या मुलाची नोंद त्या जिल्ह्यात होते आणि हंगाम संपताच मूल बीडला परत जाते. दुसऱ्या चाचणीसाठी कोणत्या जिल्ह्याने तिची वाट पाहायची? 'माता परत आल्या नाहीत' असा शेरा अहवालात पडतो. कर्त्याचे पद मातेकडे देऊन जबाबदारी झटकण्याची ही सरकारी व्याकरणाची जुनी खोड आहे.

यंत्राच्या महागाईची सबब केरळातील कोचीने केव्हाच निकालात काढली आहे. तेथे २००३ पासून डॉ. अब्राहम पॉल आणि भारतीय बालरोगतज्ज्ञ संघटनेच्या स्थानिक शाखेने एक साधी व्यवस्था उभी केली. प्रत्येक रुग्णालयाने स्वतःचे यंत्र घ्यायचे नाही. यंत्र सामाईक ठेवायचे, आणि प्रशिक्षित तंत्रज्ञाने ते घेऊन ठरल्या दिवशी एकेका रुग्णालयात जायचे. दिवसाला एका मुलासाठी काही मिनिटे चालून उरलेला वेळ कपाटात पडणारे यंत्र असे दिवसभर राबते, आणि तेच हात रोज तेच काम करीत असल्यामुळे चुकाही कमी होतात. सामाईक मालकीचे लाभ पुस्तकातून पटवून द्यावे लागतात अशा काळात हे उदाहरण बोलके आहे. तेथे नापास झालेल्या मुलाची फेरतपासणी सहाव्या आठवड्यात ठेवली. त्याच आठवड्यात मूल लस टोचण्यासाठी येत असते! वेगळी खेप नाही, वेगळी मजुरी बुडत नाही. महाराष्ट्रातील आशा कार्यकर्ती बाळंतिणीच्या घरी ४२व्या दिवसापर्यंत ठरावीक भेटी देतेच. फेरतपासणीची आठवण देणे तिच्या कामात घालता येईल. मात्र त्याचा मोबदला दिला गेला पाहिजे. आणखी एक फुकटचे काम तिच्या माथी मारू नये.

निदान झाल्यावरही वाट संपत नाही. केंद्राच्या योजनेतून पाच वर्षांखालील बालकांच्या कॉक्लियर इम्प्लांटसाठी २०१४ पासून सहा लाख रुपयांपर्यंतची तरतूद झाली, ही चांगली गोष्ट झाली. परंतु शस्त्रक्रिया एक दिवसाची असते. यंत्राचा बाहेरचा भाग, त्याची दुरुस्ती, बॅटऱ्या आणि कित्येक वर्षांचे वाचा-प्रशिक्षण हा खर्च त्यानंतर सुरू होतो. प्रशिक्षक मुंबई-पुण्यात आणि मूल किनवटला, अशी स्थिती असेल तर लाखमोलाचे यंत्र पेटीत पडून राहते. शिवाय प्रत्येक बहिऱ्या मुलाला यंत्रच हवे असे मानण्याचे कारण नाही. मुलाला भाषा हवी असते, मग ती कानातून येवो वा हातांतून. खुणांची भाषा ही पूर्ण भाषा आहे. तिच्या संशोधनासाठी व प्रशिक्षणासाठी केंद्र सरकारने २०१५ मध्ये दिल्लीत स्वतंत्र संस्था स्थापन केली. निदान होताच आईबापांना ही भाषा शिकवणारा माणूस तालुक्याला मिळाला पाहिजे, ही मागणी यंत्राच्या मागणीइतकीच रास्त आहे. यंत्र विकणाऱ्यांच्या पत्रकात ती नसते, यात आश्चर्य नाही.

कार्यकर्त्यांनी आपापल्या ग्रामीण रुग्णालयात जाऊन काही प्रश्न विचारावेत. गेल्या महिन्यात किती बालके जन्मली आणि कितींचे कान तपासले? यंत्र आहे काय, आणि असल्यास चालवणारा आहे काय? 'बेरा'साठी कोठे जावे लागते, त्या गावाचे येण्याजाण्याचे भाडे किती, आणि ते कोण देतो? ज्यांना फेरतपासणीस बोलावले त्यांतील परत न आलेल्यांची नावे कोणत्या वहीत लिहिलेली आहेत, आणि ती वही शेवटची केव्हा उघडली गेली?