शिक्का बघा, पण नुसत्या शिक्क्यावर जाऊ नका

उल्हासनगर कॅम्प एकमधून पुन्हा एकदा तुमच्या हेडफोनमध्ये.

आपल्या गावावरचा तो जोक माहितीये ना? ‘मेड इन यूएसए’, म्हणजे उल्हासनगर सिंधी असोसिएशन! आज विषय तोच आहे, शिक्का आणि सत्य. फक्त वस्तू जीन्स नाही, रायफल आहे.

झालं काय, माझ्या एका सिंधी मित्राला व्हॉट्सअॅपवर फोटो आला. ‘१९४३ ची रायफल, कल्याण मिलिटरी कॅम्पमधली. शोपीस.’ दुसऱ्या महायुद्धात आपल्या या बराकी लष्कराच्या होत्या. फाळणीनंतर त्यात त्याचे आजोबा आले. त्यामुळे गडी हळवा झाला, अॅडव्हान्स द्यायला निघाला. मी म्हटलं, थांब, आधी झूम कर.

आता हे नीट ऐका. त्या काळातली आपल्याकडची रायफल म्हणजे थ्री-नॉट-थ्री. २६/११ ला सीएसटीवर पोलिसांच्या हातात होती तीच. बंगालमधल्या इशापूरच्या कारखान्यात ती बनायची. दस्त्याच्या मानेशी, उजव्या बाजूला लोखंडावर ठसे असतात: वर मुकुट, खाली जी.आर.आय., मग इशापूर आणि साल. जी.आर.आय. म्हणजे ‘जॉर्ज, राजा आणि सम्राट’.

फोटोत साल घासून पुसट केलेलं. पण मुकुटाच्या जागी काय? अशोकाचे सिंह! ती राजमुद्रा २६ जानेवारी १९५० ची. १९४३ मध्ये कुठून येणार?

पुढे बघा. मॅगझिन चौकोनी, बारा गोळ्यांचं. थ्री-नॉट-थ्रीचं दहाचं असतं. ठशात ७.६२. नेम धरायच्या पट्टीवर शेवटचा आकडा ८००. इशापूरने साठच्या दशकात ७.६२ ची ‘टू-ए’ काढली, तिच्या पट्टीवर २००० पर्यंत आकडे होते. १९६५ पासूनच्या ‘टू-ए-वन’वर ८००. म्हणजे रायफल खरी, गोष्ट खोटी.

आम्ही सॉफ्टवेअरवाले एका लॉगवर विश्वास ठेवत नाही, चार लॉग जुळतात का ते बघतो. इथेही तेच. पेशावरजवळच्या दर्रा आदमखेलच्या नकला जगभर प्रसिद्ध आहेत. त्यांच्यावर ‘व्ही.आर.’, म्हणजे राणी व्हिक्टोरिया, आणि खाली साल १९०१ च्या कितीतरी नंतरचं! राणी जानेवारी १९०१ मध्येच वारली. कधी इंग्रजी एन उलटा. रोमानियाच्या रायफलींवर कुजीर कारखान्याचा त्रिकोणातला बाण शोधतात, तिथेही नियम हाच: चिन्ह, साल आणि मॉडेल तिघांचं एकमेकांशी पटलं पाहिजे.

आणि उलटी चूकही करू नका. एखाद्या भागावर वेगळं साल दिसलं की लगेच ‘डुप्लिकेट’ म्हणू नका. लष्कराच्या वर्कशॉपमध्ये नळ्या, दस्ते बदलायचे. ती दुरुस्तीसुद्धा इतिहासच. आपल्या बराकींचे पत्रे नाही का बदलले?

सगळ्यात महत्त्वाचं. चालू स्थितीतली रायफल विनापरवाना घरात ठेवणं हा १९५९ च्या शस्त्र कायद्याखाली गुन्हा आहे. विकणारा ‘शोपीस’ म्हणाला म्हणून पोलीस म्हणणार नाहीत. म्हणजे मित्राचे पैसे जाणार होतेच, वर केसही लागली असती.

त्याने नंबर ब्लॉक केला. मग घरची ट्रंक उघडली, तर आजोबांचं जुनं रेशनकार्ड निघालं. शिक्का ‘कल्याण कॅम्प’, तारीख १९४८ ची. मी परत झूम केलं! उल्हासनगर हे नाव ८ ऑगस्ट १९४९ ला मिळालं, गव्हर्नर जनरल राजगोपालाचारींच्या हस्ते. म्हणजे नाव आणि तारीख जुळतात.

ते कार्ड आता त्याच्या दुकानात फ्रेममध्ये आहे. तुमच्या घरच्या ट्रंकेत काय आहे, बघा. शिक्के नीट वाचा आणि मला कळवा. भेटू पुढच्या भागात!