स्वागताध्यक्षीय भाषण : थरांचे पदार्थ आणि सुईचे टोक



थरांच्या पदार्थांवरील दोन दिवसांच्या या सत्रासाठी आपण काशीत, या घाटावर जमलो आहोत. हा घाट राघोबादादांचे दत्तक पुत्र अमृतराव पेशवे यांनी दगडात बांधून काढला. आज लोक त्याला राजा घाट म्हणतात. निमंत्रणपत्रिकेत आम्ही मुद्दाम अमृतरावांचे जुने नाव छापले आहे.

काशीतल्या मराठी मंडळींचे विज्ञानाशी नाते जुने आहे. विष्णु वासुदेव नारळीकर हिंदू विश्वविद्यालयात गणित शिकवत. त्यांचे पुत्र जयंतराव यांनी १९५७ साली तिथूनच पदवी घेतली. जयंतरावांचे बंधू अनंतराव अतिवाहकांवर काम करत राहिले. उच्च तापमानाचे ताम्र-ऑक्साइड अतिवाहक हे थरांचेच पदार्थ, म्हणून आज त्यांची आठवण करायलाच हवी.

असे थर सुईने तपासणारा बिनिग, क्वेट आणि गर्बर यांचा अणुबल सूक्ष्मदर्शक १९८६ सालचा. लवचिक पट्टीच्या टोकावरची सुई पदार्थावर दाबायची आणि पट्टी किती वाकली ते टिपायचे, आता बहुधा लेसरने. २००८ मध्ये कोलंबिया विद्यापीठात छिद्रावर ताणलेला ग्राफीनचा एकच थर असा दाबला गेला. लवचिकता गुणांक सुमारे १,००० गिगापास्कल आला, पोलादाच्या पाचपट. खरी कसोटी अनेक थरांची. सुट्या पानांची पोथी वाकवली की पाने एकमेकांवरून सरकतात. ग्राफाइटचे थरही ०.३३५ नॅनोमीटर अंतरावर राहून सरकतात, आणि ते किती सरकले हे सुई थेट सांगत नाही.

प्रात्यक्षिकाच्या टेबलावर अभ्रक ठेवला आहे. चिकटपट्टी दाबून ओढा, वरचे पापुद्रे निघतील आणि खाली अणुपातळीवर सपाट, कोरा पृष्ठभाग मिळेल. तो हवेतले पाणी लगेच धरतो. गंगाकाठच्या पावसाळी हवेत सुई आणि अभ्रक यांच्यात पाण्याचा सूक्ष्म पूल तयार होतो. सुई मागे घेताना तोच तिला ओढून धरतो, आणि त्यामुळे बलाच्या आलेखात पडणारी खोल दरी पदार्थाच्या चिकटपणाच्या खात्यावर सहज जमा होते! मला याची फार काळजी वाटते.

म्हणून तरुण संशोधकांना आग्रहाने सांगतो : आकड्याबरोबर सुईच्या टोकाची त्रिज्या, पट्टीचा स्प्रिंग स्थिरांक आणि खोलीतली आर्द्रता लिहा. मूळ आलेख दाखवा, बिघडलेलेसुद्धा. या दोन दिवसांत त्यांवरच मोकळेपणाने वाद व्हावा अशी माझी इच्छा आहे.

राहण्याजेवणात काही उणे वाटले तर समितीच्या कार्यकर्त्यांना निःसंकोच सांगावे. आता अध्यक्षांनी सत्राची सूत्रे हाती घ्यावीत, अशी विनंती करतो.