दगडाचे नाव आणि गाव
(गणेशोत्सवात मंडळात दिलेले भाषण)



आपल्यापैकी अनेकांच्या देवघरात शाळिग्राम आहे. जाणकार त्याचे मुख आणि चक्रे पाहून लक्ष्मीनारायण, सुदर्शन, नरसिंह अशी नावे सांगतात. नेपाळातल्या काळीगंडकीत मिळणाऱ्या या शिळांतले चक्र म्हणजे अ‍ॅमोनाइट या समुद्री जिवाच्या शंखाचा ठसा. माकूळ आणि ऑक्टोपस यांचा हा दूरचा भाऊबंद. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी त्याचा वंश संपला.

आपल्या इंदूरपासूनही अ‍ॅमोनाइट फार लांब नाहीत. धार जिल्ह्यातले बाग आपल्याला गुंफांमुळे आणि छापाच्या कापडामुळे माहीत आहे. सुमारे ९ कोटी वर्षांपूर्वी पश्चिमेकडून समुद्र नर्मदेच्या खोऱ्यात शिरला होता. तिथल्या चुनखडीत प्लासेंटिसेरास नावाचे चपटे अ‍ॅमोनाइट सापडतात.

त्यांची प्रजाती कशी ठरवतात? बाहेरचे वेटोळे आतल्याला किती झाकते, कडा सपाट आहे की गोल, बरगड्या आणि गाठी किती, हे मोजतात. शंखाच्या आत पडदे असतात. पडदा कवचाला जिथे जुळतो तिथे नागमोडी शिवण दिसते. वरचे कवच गेल्यावरच ती उघडी पडते, आणि ओळख पटवायला तिचा मोठा आधार असतो.

खरी अडचण पुढेच आहे. एकाच जिवाचे बालपणीचे आणि मोठेपणीचे रूप वेगळे असते. नर आणि मादी यांच्या आकारातही फरक असतो. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या व्रेडेनबर्ग यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी बागच्या अ‍ॅमोनाइटांच्या अनेक प्रजाती केल्या. त्यांतली एक ‘मिंटोई’. पुढे कोलकात्याच्या संशोधकांनी पुष्कळ नमुने मोजले आणि हे सारे एकाच प्रजातीतले वैविध्य असल्याचे मांडले. त्यांच्या मते ती दक्षिण आफ्रिकेतल्या नमुन्यांवरून १९०४ साली नाव मिळालेली ‘काफ्रेरियम’ होय. प्रजाती एकच ठरली, तर नियमाने आधीचे नाव टिकते. काही अभ्यासक मात्र मिंटोई वेगळीच मानतात.

असा वाद एका सुंदर दगडाने सुटत नाही. त्याला अनेक नमुने लागतात, आणि प्रत्येक नमुना कोणत्या गावचा, कोणत्या थरातला, हे ठाऊक असावे लागते. घासून चकचकीत केलेला, पण ठिकाण हरवलेला दगड शोभेचा होतो, पुराव्याचा राहत नाही. त्यापेक्षा नोंद असलेला तुटका तुकडा मोलाचा.

म्हणून एक विनंती. सहलीला गेलात आणि असा दगड दिसला, तर तो उचलू नका, विकतही घेऊ नका. शेजारी नाणे ठेवून फोटो काढा, गाव आणि ओढा टिपून ठेवा आणि जवळच्या महाविद्यालयाच्या भूगर्भशास्त्र विभागाला कळवा. पिढ्यान्‌पिढ्या इथे राहूनही आपल्यातल्या कित्येकांनी आडनावात मूळ गाव जपले आहे. दगडाचे गावही तसेच जपू या.

गणपती बाप्पा मोरया!